तळावरची पहाट, पुण्यातला मथळा: एका फोटोचं प्रकरण

फोटो असा आहे. ऊसतोड मजुरांचा तळ. पाचटाच्या झोपडीच्या, म्हणजे कोपीच्या तोंडाशी चूल, चुलीचा तांबूस उजेड आणि त्यात उकिडवी बसलेली एक बाई. वय तिशीच्या आसपास. पदर डोक्यावरून घसरलाय, डोळे थेट कॅमेऱ्यात. पुढ्यात चारेक वर्षांचा मुलगा, त्याच्यासमोर जर्मनची रिकामी ताटली. मागे धूर आणि काळोख. आमच्या पुण्यातल्या छंदी छायाचित्रकारांच्या गटाच्या वार्षिक प्रदर्शनात हा फोटो दारातून आत आल्यावर समोरच दिसेल असा, चोवीस बाय छत्तीस इंचांत लावला होता. खाली मथळा ‘भूक’. त्याला पहिलं बक्षीस होतं, पाच हजार रुपये.

फोटो माझा नाही. मथळा माझा.

हे प्रकरण आमच्या कार्यशाळांमध्ये तोंडी सांगितलं जातं आणि सांगणारा दर वेळी स्वतःला थोडं सोडवून घेतो. मीही घेतलंय. म्हणून एकदा वेळ आणि फ्रेमच्या क्रमांकासकट लिहून ठेवतो.

सहल

गेल्या वर्षीच्या जानेवारीतला शनिवार. पहाटे पावणेतीनला स्वारगेटहून दोन गाड्या निघाल्या. अकरा जण, अकरा कॅमेरे, माणशी बाराशे रुपये, त्यात चहा-नाश्ता धरलेला. सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला आणि तिथून आत वळून उसाच्या पट्ट्यात. तळावर पोचलो तेव्हा चार वीस झाले होते.

ज्यांनी तळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. दिवाळीनंतर बीड, नगर, जालना अशा कोरडवाहू भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं बागायती पट्ट्यात ऊस तोडायला उतरतात आणि मार्चपर्यंत, कधी त्याहून जास्त, राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशोब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. मजूर जमवणारा ठेकेदार, म्हणजे मुकादम, हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची. एखादा दिवस आजारपणात गेला तर तो ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, पण उचल फेडता फेडता हंगाम संपतो आणि पुढच्या वर्षीची उचल डोक्यावर घेऊनच माणसं गावी जातात, हे ज्याच्याशी बोलावं तो सांगतो. राहायला बांबू, ताट्या आणि पाचटाची कोपी, वर प्लॅस्टिकचा कागद. वीज बहुधा नसतेच.

आमच्यासारख्यांना हा तळ का आवडतो तेही सांगतो. पुण्याहून दीड तास. पहाटेचा धूर, चुलीचा उजेड, बैलांची शिंगं, टायरगाड्यांची रांग. काशीला किंवा कच्छच्या रणात जायला सुट्टी टाकावी लागते, इथे रविवारसुद्धा मोकळा राहतो. सहलीच्या निरोपात आयोजकाने ‘ड्रामॅटिक लाइट, रॉ लाइफ’ असं लिहिलं होतं. तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही.

परवानगी घेतली होती का? घेतली होती, मुकादमाची. आयोजकाने आदल्या दिवशी त्याला फोन केला आणि पोचल्यावर चहापाण्याला पाचशेची नोट दिली. ज्याची उचल डोक्यावर आहे त्या माणसाने ‘हो’ म्हटल्यावर कोपीतली बाई ‘नको’ कशी म्हणणार, हा प्रश्न त्या पहाटे अकरांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

छायाचित्रकार हिंजवडीत नोकरी करणारा, तिशीतला, कष्टाळू मुलगा. पस्तीस एमएमची लेन्स, आयएसओ सहा हजार चारशे, फ्लॅश नाही. नियम त्याने सगळे पाळले. ती बाई त्याला एवढंच म्हणाली होती, “योजनेचं हाय का?” तो म्हणाला, “नाही ताई, असंच.” हे त्याने मला महिन्याभराने सांगितलं.

मथळा

निवड समितीत आम्ही तिघं. एकशे चाळीसच्या वर प्रवेशिका आल्या होत्या. या फोटोवर एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. डोळेच तसे होते. छायाचित्रकाराने प्रवेशिकेत शीर्षक दिलं होतं, ‘कोपीतली पहाट’. मी म्हणालो, हे शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. एक शब्द हवा. रिकामी ताटली, लेकरू, हे डोळे, दुसरं काय म्हणणार? समितीतल्या बाई म्हणाल्या, “थोडं भडक नाही का होत?” मी म्हणालो, वास्तव भडकच असतं. असली वाक्यं मला पटकन सुचतात.

शिवाय मी थोडा क्रॉप सुचवला. डावीकडून खालचा कोपरा आणि उजवीकडची एक पट्टी. आमच्या नियमात वीस टक्क्यांपर्यंत क्रॉप चालतो, हा सतराच्या आसपास होता. नियमात बसतंय म्हटल्यावर पुढे कुणी विचार केला नाही.

निमंत्रणपत्रिकेवरही हाच फोटो. काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा आणि ठळक अक्षरांत ‘भूक’. पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेली.

तिसरा दिवस

प्रदर्शन पाच दिवसांचं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, दालनात फारसं कुणी नसताना, एक मुलगा आला. पाठीवर सॅक, पायात चप्पल. सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांच्या बाहेर चहाच्या टपरीवर दिसतात तसा, एमपीएससीची तयारी करणारा. बाकी भिंतींकडे त्याने बघितलंही नाही. समोरच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला, मग माझ्या टेबलाशी आला.

“सर, हा मथळा कुणी दिलाय?”

मला वाटलं कौतुक येतंय. म्हणालो, “मीच.”

“ह्या आमच्या भावकीतल्या काकू आहेत. त्या उपाशी नाहीयेत.”

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, मला बचाव करता आला असता. त्याने मोबाइल काढून गावातल्या ग्रुपवर आलेली आमची पत्रिका दाखवली. पुण्यात कामाला असलेल्या कुणीतरी ती पुढे ढकलली होती आणि दोन दिवसांत ती तिकडे घरोघरी पोचली होती. खाली नातेवाइकांचे प्रश्न. आणि या बाईंच्या धाकट्या दिराच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, “घरात खायची ददात आहे का?”

“सर, ऊस तोडतात हे सगळ्यांना माहितीय. मुलीकडचेही तोडतात. त्यात लाज नाही. पण तोडायला जाऊनही खायला मिळत नाही म्हटल्यावर त्या घराची पत काय राहिली?”

मी विचारलं, फोटो उतरवू का? तो म्हणाला, ते मी काकूंना विचारून सांगतो. माझ्या फोटोग्राफीच्या तीस वर्षांत हे वाक्य मी स्वतः कधी उच्चारलं नव्हतं.

तेवीस फ्रेम्स

त्या रात्री समितीची बैठक चहाच्या टेबलावर झाली आणि अपेक्षेप्रमाणे भांडण झालं. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आज एक फोटो उतरवला की उद्या प्रत्येक फोटोतला माणूस हरकत घेईल, मग डॉक्युमेंटरी करायचीच कशी? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. छायाचित्रकार बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “माझं शीर्षक वेगळं होतं.” यावर कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने त्या कोपीसमोरच्या सगळ्या फ्रेम्स उघडल्या. चार एकतीस ते चार सदतीस, सहा मिनिटं, तेवीस फ्रेम्स. बक्षीस मिळालेली चौदावी.

तिसऱ्या फ्रेममध्ये बाई हसतेय. मुलगा तिच्या पाठीवर लोंबकळलाय, हात हलल्यामुळे सगळं धूसर. पाचवीत ती तव्यावरची भाकरी उलटतेय. सहावीत मुलगा जेवतोय, ताटलीत भाकरी आणि काहीतरी पातळ, पिठलं असावं. आठवीत तो बोटं चाटतोय. दहावीत नवरा कोपीतून बाहेर आलाय, डोक्याला बॅटरी बांधलेली. बारावीत ताटली रिकामी आणि मुलगा आळस देतोय. मग तेरावी, मग चौदावी.

आता चौदावी, न कापलेली. डाव्या कोपऱ्यात, मी सुचवलेल्या क्रॉपने जो भाग गेला तिथे, एक दुरडी आहे. दुरडीत फडक्यावर भाकऱ्यांची चवड. मोठं करून मोजल्या, नऊ दिसतात, खाली अजून असतील. शेजारी अॅल्युमिनियमचा डबा, झाकण उघडं. उजव्या पट्टीत नवऱ्याचा अर्धा हात आणि त्यात पेटलेला मोबाइल.

म्हणजे चित्र असं होतं: जेवून झालेलं लेकरू, दिवसभराच्या शिदोरीची भाकरी करून झालेली आई, निघायच्या तयारीतला बाप. आम्ही बाप कापला, भाकऱ्या कापल्या आणि खाली ‘भूक’ लिहिलं.

एक पिक्सेलसुद्धा कुणी बदलला नव्हता. खाडाखोड होऊ नये म्हणून आम्ही स्पर्धेला रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतो आणि त्याचा आम्हाला अभिमान असतो. ती रॉ फाइल माझ्याकडे महिनाभर होती. आधीची फ्रेम मागायचं सुचलं नाही.

२०१८ मध्ये एका इटालियन छायाचित्रकाराच्या मालिकेवरून जगभर गदारोळ झाला होता. त्याने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गावांत गरीब माणसांपुढे टेबलावर खोटी पक्वान्नं मांडली, डोळ्यांवर हात ठेवून आवडतं जेवण मनात आणायला सांगितलं आणि फोटो काढले. आमच्या गटातही तेव्हा त्याला भरपूर शिव्या घातल्या गेल्या, मीच पुढे होतो. त्याच्या फोटोत निदान खोटं जेवण दिसत तरी होतं. आम्ही खरं जेवण कापून टाकलं.

नायपोमोची बाई

कार्यशाळेत मी अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा तो फोटो नेहमी दाखवतो. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात नायपोमो इथली वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी, हनुवटीशी हात नेलेली आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. जगातला सर्वांत जास्त छापला गेलेला गरिबीचा फोटो कदाचित हाच असेल. लँग तिथे जेमतेम दहा मिनिटं होती. तिने स्वतःच पुढे लिहिलं की नाव विचारलं नाही, पूर्वकथाही विचारली नाही. तरी तिच्या टिपणात होतं की या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले. त्या बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, वय तेव्हा ३२. हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि तिच्या घरच्यांचं म्हणणं असं की टायर विकलेच नव्हते. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने छावणीला २० हजार पौंड अन्न पाठवलं. तोवर थॉम्पसन कुटुंब तिथून पुढे गेलेलं होतं.

हे सगळं मला पाठ आहे. मुलांना मी ते ‘फोटोची ताकद आणि मर्यादा’ म्हणून शिकवतो. शिकवणं वेगळं आणि रात्री साडेअकराला प्रवेशिका चाळताना डोक्यात राहणं वेगळं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

उलट उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात फोटोखाली माणसाचं नाव, गाव, काम असतं. नाव विचारायचं तर आधी खाली बसावं लागतं, आणि माझा अनुभव असा की खाली बसलं की निम्मे मथळे आपोआप गळून पडतात. अकरा जणांनी उभ्याने फोटो काढले तर हे व्हायचं नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तिथे फारसं काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. फोटोतल्या माणसाचा त्यात वाटा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण त्याच्या आधारे तळावरची बाई पुण्यातल्या छंदी मंडळाला कोर्टात खेचेल, हे होणारं नाही. आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी नेमकं हेच म्हटलं, “कायद्याने आपण सुरक्षित आहोत.” होतोच.

पुन्हा तळावर

चौथ्या दिवशी सकाळी त्या मुलाचा फोन आला. काकूंचं म्हणणं, फोटो उतरवू नका, खालचं नाव काढा. आम्ही मथळ्याची पट्टी काढली आणि मोकळ्या जागेत न कापलेल्या चौदाव्या फ्रेमची छोटी प्रत लावली. बघणाऱ्यांपैकी कितींनी ती पाहिली कोण जाणे.

प्रदर्शन संपल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, छायाचित्रकार, तो मुलगा आणि मी तळावर गेलो. दुपारी अडीच. तेवीसच्या तेवीस फ्रेम्सच्या प्रती नेल्या होत्या. त्या दिवशी ऊस लवकर भरून गाडी कारखान्यावर गेली होती, म्हणून बाई कोपीवर होत्या, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधत होत्या. मुलाने ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, “बसा सर,” आणि गोणपाट अंथरलं.

आम्ही माफी मागितली. ती फारशी ऐकून न घेता त्यांनी प्रती गोणपाटावर मांडल्या, एकेक उचलून जवळून बघितली. चौदावी आली तेव्हा थांबल्या.

“ह्यात मी लई दमल्याली दिसती.”

मी म्हणालो, “आम्हाला ते भुकेचं वाटलं.”

“भूक कसली? अडीचला उठल्याली मी. आदल्या राती गाडी खाली व्हायला अकरा वाजले, मग झोपले. भूक न्हाई सर, झोप लिवा.”

सोबतचा मुलगा हसला, आम्हाला हसावं की नाही कळेना. त्या मात्र गंभीर होत्या. मग त्यांनी झोपेचा हिशोबच मांडला: कारखान्यावर वजनकाट्यापुढे रांग असली की नवरा मध्यरात्री येतो, तो आल्याशिवाय डोळा लागत नाही, अडीचला उठून पाणी, चूल, भाकरी, साडेचारला गाडी जुंपायची, फडात पोरगं बांधावर झोपवायचं. हंगामात किती रात्री नीट झोपलात, असं विचारलं तर म्हणाल्या, “पाऊस आला व्हता दोन दिस, तवा.”

तीस वर्षं डोळे वाचायचा दावा करणाऱ्या माणसाला धुराने चुरचुरणारे, झोप न झालेले डोळे ओळखता आले नाहीत. गरिबीच्या फोटोत काय असतं ते मला आधीच ठाऊक होतं. तेच शोधलं आणि तेच सापडलं. त्या बाईंच्या आयुष्यात जे खरोखर काढून घेतलं जात होतं, ते त्या चौकटीत ढळढळीत समोर होतं, वेळेच्या शिक्क्यासकट. पहाटेचे साडेचार वाजून गेलेले.

प्रतींपैकी त्यांनी तिसरी ठेवली, ती धूसर, हसणारी. आम्ही ती स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद केली असती. तेवढ्यात नवरा आला. त्याला बैलांचा फोटो हवा होता आणि तेवीसमध्ये बैल एकातही नव्हते. त्यावर तो नाराज झाला, आणि मला वाटतं त्या दिवशीची सगळ्यात मोठी तक्रार तीच होती. छायाचित्रकाराने तिथेच बैलांसकट दोघांचा काढला, पदर नीट घेऊन, सरळ उभे राहून, स्टुडिओत काढतात तसा. चांगला आलाय.

मग आमची दुसरी चूक. बक्षिसाचे पाच हजार छायाचित्रकाराने पाकिटात घालून आणले होते. ते त्याने दिले नवऱ्याच्या हातात. संकोचाने असेल, सवयीने असेल. पाकीट देताना मुकादम चार पावलांवर उभा होता. पुढे मुलाकडून कळलं की त्यातले तीन हजार उचलीत वळते झाले. फोटोत नवऱ्याला कापणाऱ्यांनी पैसे देताना बरोबर त्यालाच गाठलं. यावर आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही, कारण पैशांबद्दल बोलणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

सोयरिकीचं विचारलं. मुलगा म्हणाला, “त्यांनी दुसरीकडे जमवलं. ह्यामुळेच असं नाही सांगता येत सर. हुंड्यावरूनही अडलं होतं.” मी सुस्कारा टाकला आणि लगेच स्वतःचा राग आला.

नंतर

मंडळाने प्रवेशिकेच्या अर्जात दोन रकाने वाढवले. माणसाचा फोटो असेल तर त्याच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन फ्रेम्स सोबत द्यायच्या. आणि फोटोतल्या माणसाने त्या फोटोबद्दल काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, नसेल विचारलं तर ‘विचारलं नाही’ असं लिहायचं. यंदा माणसांच्या विभागात प्रवेशिका निम्म्याहून कमी आल्या. पक्ष्यांच्या वाढल्या. दुसऱ्या रकान्यात ‘विचारलं नाही’ लिहिणारे बरेच होते, त्यांना आम्ही बाद केलं नाही, तसं करायचं का यावर अजून वाद आहे. ज्येष्ठ सदस्यांनी समिती सोडली. त्यांच्या मते डॉक्युमेंटरी फोटोग्राफीला आम्ही तहसील कचेरी करून टाकलंय.

तळावरच्या सहली बंद झाल्या नाहीत. आमच्या गटाच्या झाल्या, पण दुसरे दोन-तीन गट जातात, त्याच रस्त्याने, त्याच वेळी. त्यातल्या एकाची जाहिरात परवाच माझ्या मोबाइलवर आली. निवडक माणसं, मर्यादित जागा.

छायाचित्रकाराला चौदावी फ्रेम यंदा पुन्हा लावायची आहे. अख्खी, दुरडी आणि मोबाइलसकट, आणि खाली बाईंचं वाक्य, झोपेचं. मला कल्पना आवडली, आणि आवडली म्हणूनच मी म्हणालो, त्यांना विचार. त्याने सप्टेंबरात फोन केला. त्या गावी होत्या, कापूस वेचणीला निघाल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “असं फोनवर न्हाई सांगता येत. दिवाळी झाल्यावर तळावर या, तवा बोलू. आन ह्या वक्ताला इतकी माणसं नगा आणू.”